पॉलिलायसिनच्या फिल्मचा एक्सपीएस केला, नायट्रोजन एवढा कमी का येतोय?

लॅबवाली_पुणे

नमस्कार सगळ्यांना. प्रश्न जरा लांबलाय पण प्लीज पूर्ण वाचा, सोमवारी गाइडसोबत बसायचंय आणि माझ्याकडे सांगायला काहीच नाहीये.

माझं काम पॉलि-एल-लायसिनवर चालू आहे. लायसिन या एकाच अमिनो ॲसिडची लांबच लांब साखळी, पेशी नीट चिकटाव्यात म्हणून काचेच्या स्लाइडला लावतात ना, तेच. पेशीचा संबंध येतो तो फिल्मच्या अगदी वरच्या काही नॅनोमीटरशी, म्हणून तिथे नेमकं काय आहे ते बघायला एक्सपीएस (एक्स-रे टाकून पृष्ठभागातून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनवरून कुठले अणू किती ते मोजायचं तंत्र) करून घेतला. विकतचा हायड्रोब्रोमाइड (त्याचा ब्रोमाइड क्षार) घेतला होता, द्रावण करून सिलिकॉन वेफरवर थेंब सोडला, रात्रभर व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये वाळवला आणि सकाळी मशीनवर नेला. सोर्स मोनोक्रोमॅटिक ॲल्युमिनियम के-अल्फा, १४८६.६ ईव्ही (इलेक्ट्रॉन व्होल्ट, ऊर्जेचं एकक).

आकडे असे आलेत, सगळे ॲटॉमिक टक्के: कार्बन ६९, नायट्रोजन १४, ऑक्सिजन १३, सिलिकॉन ३, ब्रोमीन १.

आता लायसिनच्या एका कडीत कार्बन ६, नायट्रोजन २ आणि ऑक्सिजन १, हायड्रोजन तर एक्सपीएसला दिसतच नाही, म्हणजे ९ अणूंपैकी २ नायट्रोजन, २२ टक्के यायला हवा होता. आलाय १४. कार्बन वन एसमध्ये (कार्बनच्या सगळ्यात आतल्या कवचातल्या इलेक्ट्रॉनचा सिग्नल) तीन पीक बसवले २८५.०, २८६.३ आणि २८८.१ ला, त्यांचं प्रमाण आलं ६५, २५, १०, आणि कागदावर यायला पाहिजे ५०, ३३, १७. नायट्रोजन वन एस तर त्याहून वाईट, ४०० च्या जवळ एक मोठा पीक ९३ टक्के आणि ४०१.७ ला छोटासा ७ टक्के. मी वाचलं होतं की अमाइडचा नायट्रोजन आणि साइड चेनचा अमोनियम निम्मे निम्मे दिसतात.

गाइडचं म्हणणं साखळी तुटलीय, अमाइन उडून गेलंय, नवीन बाटली मागव. बाटली स्वस्त नाहीये आणि मला मनातून वाटतंय की पॉलिमर ठीक आहे. पण वाटून काय उपयोग, दाखवायचं कसं?


बीमलाइनवाला

आधी मला तीन गोष्टी सांग, मग हिशोब करू. सिलिकॉन टू पी नेमका किती ईव्हीला आहे, ९९ ला का १०३ ला का मध्येच कुठे? द्रावण नुसतं पाण्यातलं होतं का त्याला आधी काही केलं होतं? आणि टक्के काढताना सेन्सिटिव्हिटी फॅक्टर (कुठल्या मूलद्रव्याचा सिग्नल किती जोरात येतो त्याचे आकडे) कुठले वापरले, स्कोफिल्डचे असतील तर कार्बन १.००, नायट्रोजन १.८०, ऑक्सिजन २.९३, ते बरोबर लागलेत का एकदा बघ. बऱ्याच वेळा घोळ तिथेच असतो.


लॅबवाली_पुणे

सर, फॅक्टर स्कोफिल्डचेच आहेत, आत्ता परत तपासले. सिलिकॉन १०२.१ ला आहे. ९९.३ ला काहीच नाही, एकदम सपाट.

आणि द्रावणाबद्दल, हे मी वर लिहायचं राहिलं. सीनियरने पीएच ११ केला होता सोडियम हायड्रॉक्साइड टाकून आणि मग दोन दिवस डायलिसिस. सोडियम राहिलंय का म्हणून मी सर्व्हेमध्ये (सगळी मूलद्रव्यं एकदम दाखवणारा स्कॅन) १०७२ ला बघितलं, नाहीये.


बीमलाइनवाला

बास, निम्मं उत्तर तूच दिलंस. आता नीट बघ.

९९.३ ला काही नाही म्हणजे खालचा वेफर दिसतच नाहीये. एक्सपीएसमध्ये जे इलेक्ट्रॉन ऊर्जा न गमावता बाहेर येतात ते वरच्या साधारण १० नॅनोमीटरमधलेच, त्यामुळे तुझी फिल्म त्याहून जाड आहे आणि भोकं नाहीत. मग १०२.१ चं सिलिकॉन वेफरचं नाही. वेफरवरच्या ऑक्साइडचं असतं तर ते १०३.५ च्या जवळ आलं असतं आणि सोबत ९९.३ पण दिसलं असतं. १०२ ला येतं ते सिलिकोन, म्हणजे पीडीएमएस. ग्रीस. तुझ्या डेसिकेटरच्या झाकणाला कुठलं ग्रीस लावलंय ते जाऊन बघ, आणि त्याला जोडलेला पंप ऑइलचा रोटरी आहे का तेही बघ. रात्रभर त्यात ठेवलंस ना.

आता अणू मोजू. नायट्रोजन फक्त तुझ्या पॉलिमरमधूनच येऊ शकतो, दुसरीकडून यायला जागा नाही, म्हणून त्याला धरून चालायचं. १४ नायट्रोजन म्हणजे ७ कड्या. ७ कड्यांना कार्बन ४२ आणि ऑक्सिजन ७ लागतात. ते वजा कर, उरले कार्बन २७, ऑक्सिजन ६, सिलिकॉन ३. पीडीएमएसच्या एका कडीत सिलिकॉन १, ऑक्सिजन १, कार्बन २, म्हणजे ३ सिलिकॉनसोबत ऑक्सिजन ३ आणि कार्बन ६ गेले. उरले कार्बन २१, ऑक्सिजन ३. हा हवेतला आणि पंपातला हायड्रोकार्बनचा मळ, थोडासा ऑक्सिडाइज झालेला. हा कुठल्याही नमुन्यावर बसतोच, तुझ्यावर जरा जास्त बसलाय.

आता हेच कार्बनच्या पीकवर लावून बघ. ७ कड्यांचे ४२ कार्बन: प्रत्येक कडीत साइड चेनचे तीन साधे कार्बन, ते २८५ ला, म्हणजे २१. नायट्रोजनला एकेरी बंधाने चिकटलेले दोन, एक मुख्य साखळीतला आणि एक साइड चेनच्या टोकाचा, ते २८६.३ ला, म्हणजे १४. आणि अमाइडचा एक २८८.१ ला, म्हणजे ७. यात ग्रीसचे ६ आणि मळाचे १८ जातात २८५ च्या खात्यात, ते झाले ४५. मळातले ३ ऑक्सिजनवाले कार्बन जातात २८६.३ ला, ते झाले १७. २८८ ला ७ चे ७. एकूण ६९, टक्क्यांत ६५, २५, १०. तुझं फिटिंग काय आलं होतं ते वर जाऊन वाच.

आणि गाइडना सगळ्यात आधी हे दाखव: अमाइडचा कार्बन ७, एकूण नायट्रोजन १४. प्रत्येक अमाइडमागे दोन नायट्रोजन. साइड चेनचं अमाइन उडालं असतं तर हे एकास दोन आलंच नसतं. साखळी शाबूत आहे, अमाइन शाबूत आहे, वर धूळ बसलीय एवढंच.

नायट्रोजनचं कोडं त्या पीएच ११ मध्ये आहे. लायसिनच्या टोकाच्या अमाइनचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे प्रोटॉन निघून जातात तो) १० च्या आसपास, पीएच ११ ला बहुतेक सगळे प्रोटॉन निघून गेले, ब्रोमाइड पाण्यासोबत डायलिसिसमध्ये गेलं. त्यामुळे तुझ्याकडे आता हायड्रोब्रोमाइड नाही, जवळजवळ पूर्ण फ्री बेस, म्हणजे प्रोटॉन न लागलेलं अमाइन, आहे. प्रोटॉन लागलेलं अमाइन ४०१.७ ला येतं, न लागलेलं ३९९.३ च्या जवळ, आणि अमाइड ४०० ला. शेवटचे दोन इतके जवळ की एकच जाडजूड पीक दिसतो. त्या मोठ्या पीकची रुंदी किती आहे? आणि कार्बनच्या पीकची किती?


लॅबवाली_पुणे

मोठ्या नायट्रोजनची १.६ ईव्ही. कार्बनच्या तिन्हीची १.२. अरे हो, हे मला आधी दिसायला हवं होतं!


बीमलाइनवाला

मग तिथे दोन पीक लपलेत. दोन्हीला रुंदी १.२ दे, अमाइडचा एरिया ७ ला बांध कारण कार्बनकडून तो तुला आधीच मिळालाय, आणि बघ दुसरा किती येतो. ६ यायला हवा. आणि ४०१.७ चा ७ टक्के म्हणजे १४ पैकी १, ब्रोमीन पण १. प्रत्येक धन प्रभाराला एक ऋण प्रभार. ७ अमाइड, ६ अमाइन, १ अमोनियम. हिशोब बंद होतो तेव्हाच फिटिंग खरं मानायचं, नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये पीक टाकत गेलं तर काहीही बसतं.


रसायन_मास्तर

छान चाललंय. मी कॉलेजात शिकवतो, माझ्या एम.एस्सी.च्या मुलांना हा धागा वाचायला देणार आहे, म्हणून त्यांच्यासाठी एक भर. एकाच नायट्रोजनचे तीन पीक तीन जागी का, हे दरवर्षी कोणीतरी विचारतं.

एक्स-रे पडला की अणूच्या आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, फोटोइलेक्ट्रिक परिणाम तोच, आइनस्टाइनने १९०५ ला समजावलेला. आलेल्या फोटॉनची ऊर्जा माहीत असते, बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनची आपण मोजतो, वजाबाकी केली की तो किती घट्ट धरला होता ते कळतं. आता शेजारी ऑक्सिजन असेल तर तो इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो, कार्बन थोडा उघडा पडतो आणि उरलेले इलेक्ट्रॉन जास्त घट्ट धरतो, म्हणून अमाइडचा कार्बन साध्या कार्बनपेक्षा ३ ईव्ही वर. अमाइनला प्रोटॉन लागला की त्याच्यावर धन प्रभार, तोही वर सरकतो. स्वीडनमधल्या उप्सालाला काई सीगबान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकात सोडियम थायोसल्फेट मोजलं, एकाच रेणूत दोन सल्फर, आणि दोन वेगळे पीक आले. मी वर्गात नेहमी याच उदाहरणाने सुरुवात करतो कारण मुलांनी थायोसल्फेट टायट्रेशनला स्वतः हाताळलेलं असतं, ब्युरेटमधलं ते द्रावण डोळ्यासमोर येतं. सीगबानना १९८१ चं नोबेल मिळालं.

आणि ताई, पीएच ११ चा अजून एक परिणाम लक्षात ठेवा. न्यूट्रल पाण्यात पॉलिलायसिनच्या सगळ्या साइड चेन धन असतात, एकमेकींना ढकलतात, त्यामुळे साखळी ताणलेली, विस्कळीत. प्रभार गेला की तीच साखळी गुंडाळून अल्फा हेलिक्स होते, आणि ते द्रावण गरम केलं तर बीटा शीट. यातलं काहीही एक्सपीएसला कळणार नाही, अणू तेच आणि बंध तेच. त्यासाठी सीडी (सर्क्युलर डायक्रोइझम) किंवा आयआर (इन्फ्रारेड) करून घ्या. आणि पेशी चिकटतात त्या मुळात त्या धन प्रभारामुळे, तेव्हा तुम्ही फ्री बेसची फिल्म मोजून हायड्रोब्रोमाइडबद्दल निष्कर्ष काढू नका, दोन वेगळे पृष्ठभाग आहेत.


फिल्म_मोजणारा

बाहेरदेशी एका कंपनीत कोटिंगचं काम करतो, रोज हेच मशीन. बीमलाइनवाल्यांचा हिशोब पटला पण एका जागी मला थांबावंसं वाटतं. त्यांनी वर धूळ बसलीय असं म्हटलंय. एवढ्या आकड्यांवरून ते सिद्ध होत नाही. ग्रीस आणि हायड्रोकार्बन द्रावणातच असतं आणि पूर्ण फिल्ममध्ये मिसळलेलं असतं तरी हेच टक्के आले असते. डायलिसिसची नळी, प्लास्टिकची ट्यूब, पिपेटची टीप, कुठूनही आलं असेल. आणि हा फरक मोठा आहे, वर असेल तर वाळवायची पद्धत बदलून भागेल, आत असेल तर पॉलिमरच परत शुद्ध करावा लागेल.

तपासायला सोपं आहे, नमुना तिरका करा. सरळ बघताना पॉलिमरचा वाटा १०० पैकी ६४. वरचा थर एकसारखा धरला आणि इलेक्ट्रॉनचा सरासरी मार्ग ३ नॅनोमीटर धरला तर थर येतो साधारण १.३ नॅनोमीटर. नमुना ६० अंशात तिरका केला की इलेक्ट्रॉनला त्याच थरातून दुप्पट वाट काढावी लागते, ०.६४ चा वर्ग होतो ०.४१. म्हणजे नायट्रोजन १४ वरून ९ वर यायला पाहिजे आणि सिलिकॉन ३ वरून ५ च्या जवळ जायला पाहिजे. आलं तर मळ वर आहे. नायट्रोजन १४ लाच बसून राहिला तर आत मिसळलाय. आधीच आकडा लिहून ठेवा आणि मग मोजा, म्हणजे मागाहून मनाची समजूत घालता येत नाही.

अजून एक, स्कॅनचा क्रम कसा होता? अशा नमुन्यात ब्रोमीन आणि नायट्रोजन पहिले घ्यायचे. एक्स-रेखाली हॅलोजन हळूहळू निघून जातं, पीव्हीसीमधलं क्लोरीन सुद्धा जातं, आणि ब्रोमाइड गेलं की सोबत प्रोटॉन घेऊन जातं, मग तुमचं ४०१.७ कमी होतं आणि तुम्हाला वाटतं की डायलिसिसनेच गेलं. सुरुवातीला नायट्रोजन, मग बाकी सगळं, शेवटी त्याच स्पॉटवर परत नायट्रोजन. दोन्ही एकमेकांवर ठेवून बघा. जुळले तर बीमने बिघडवलं नाही असं छातीठोक लिहिता येतं.


लॅबवाली_पुणे

क्रम सर्व्हे, कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन, नायट्रोजन, ब्रोमीन असा होता, म्हणजे नेमका उलटा. परत स्लॉट घेते. डेसिकेटर आत्ताच जाऊन बघून आले. झाकणाच्या कडेला पांढरट चिकट पट्टा आहे आणि एका बाजूला तो आत ओघळून जाळीपर्यंत आलाय, माझी पेट्री डिश त्याच बाजूला ठेवली होती. पंप ऑइलचाच आहे. स्लॉट मिळाला की कळवते.


नवखा_एमएस्सी

मध्येच विचारतो, सॉरी. फिल्म इन्सुलेटर आहे ना, मग चार्जिंग होऊन सगळे पीक सरकत असतील, मग २८५.० ला आहे हे तुम्ही कशावरून ठरवता? माझ्या नमुन्यात सगळं ४ ईव्ही वर आलं होतं, मी घाबरून डेटा टाकून दिला.


बीमलाइनवाला

टाकायचा नाही रे! इलेक्ट्रॉन बाहेर गेले की नमुना धन होतो आणि मागचे इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, म्हणून फ्लड गनने कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन वरून शिंपडतात. तरी थोडं सरकतंच, मग साध्या हायड्रोकार्बनला २८५.० वर आणून बाकी सगळं तेवढंच सरकवायचं. सगळे पीक सारखेच सरकले असतील तर काही बिघडत नाही. पॉलिपेप्टाइडला तर तपासायची सोय त्याच्या अंगातच आहे, अमाइडचा कार्बन २८५ पासून ३.१ ते ३.२ वर यायलाच पाहिजे. घाबरायचं तेव्हा, जेव्हा एकच पीक दोन भागांत फाटतो किंवा एका बाजूला ओढल्यासारखा दिसतो. तेव्हा नमुन्याचा एक भाग जास्त चार्ज झालाय आणि दुसरा कमी. अशा वेळी फिल्मचा खालून विजेचा संपर्क पूर्ण तोडून टाक, म्हणजे दोन्ही बाजूंना चिकटणाऱ्या टेपवर ठेव, कुठेच क्लिप लावू नको. फक्त त्या टेपच्या कडा नमुन्याबाहेर येऊ देऊ नको, काही टेपमध्ये पण सिलिकोन असतं.


लॅबवाली_पुणे

आले परत, बारा दिवस लागले, स्लॉटच मिळत नव्हता.

आधी जुना नमुना. ६० अंशाला नायट्रोजन ९.४, सिलिकॉन ४.७. फिल्म_मोजणारा सर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी ९ आणि ५ वहीत तारखेसकट लिहून ठेवलं होतं आणि स्क्रीनवर आकडा आला तेव्हा ऑपरेटरला वही उघडून दाखवली! मळ वरच आहे.

मग एक कोरा वेफर, त्यावर काहीच न टाकता, त्याच डेसिकेटरमध्ये रात्रभर ठेवला होता. त्यावर १०२ ला सिलिकॉन आलं, वेफरच्या ९९.३ आणि १०३.५ च्या मधोमध वेगळा खांदा दिसतो, आणि कार्बन नुकत्याच धुतलेल्या वेफरपेक्षा बराच जास्त. त्यामुळे आता कोणी म्हणणार नाही की पॉलिमरमधून आलं.

आणि नवीन फिल्म, त्याच जुन्या बाटलीतला पॉलिमर, तेच डायलिसिस केलेलं द्रावण. वेफर ॲसिटोन आणि आयसोप्रोपेनॉलने धुऊन यूव्ही-ओझोनमध्ये ठेवला, थेंब टाकून नायट्रोजनच्या हलक्या प्रवाहाखाली वाळवला, हातमोज्याचं बोट वरती कुठेही लागू दिलं नाही, नवीन काचेच्या डिशमधून थेट मशीनला. कार्बन ६७.५, नायट्रोजन १९.५, ऑक्सिजन ११.७, ब्रोमीन १.३. सिलिकॉन नाही. नायट्रोजन भागिले कार्बन आधी ०.२० होतं, आता ०.२९, आणि आदर्श ०.३३.

नायट्रोजन पहिला घेतला आणि पाऊण तासाने शेवटी परत घेतला. मोठा पीक तसाच आहे, ४०१.७ चा किंचित खाली आलाय, फार नाही पण एकावर एक ठेवलं की दिसतो. त्यामुळे पहिलाच स्कॅन वापरणार.

गाइडना तुमचा ७, ६, १ चा हिशोब कागदावर करून दाखवला. त्यांनी स्वतः पेन घेऊन परत केला, मग म्हणाले बाटली मागवू नको, आणि डेसिकेटर आजच साफ करायला लावला. आता त्यांना शेजारी डायलिसिस न केलेल्या हायड्रोब्रोमाइडची फिल्म पण हवीय, रसायन_मास्तर सरांनी सांगितलेलं तेच, दोन्ही पृष्ठभागांवर पेशी ठेवून बघायच्या.

एकच शंका राहिली. फ्री अमाइन हवेतला कार्बन डायऑक्साइड धरतं असं वाचलं, माझ्या फिल्ममध्ये ते झालं असेल का, आणि झालं असेल तर दिसेल कुठे?


बीमलाइनवाला

वा, कोऱ्या वेफरचं फार चांगलं केलंस, ते भल्याभल्यांना सुचत नाही.

कार्बन डायऑक्साइड धरला तर कार्बामेट होतं, त्याचा कार्बन अमाइडच्या वर, २८९ च्या जवळ, २८८.१ च्या पीकला जास्त ऊर्जेच्या बाजूला शेपूट आल्यासारखं दिसतं. पण त्याहून पक्की खूण तुझ्याकडे आधीच आहे. कार्बामेट ऋण असतं, त्याच्यासोबत एक अमोनियम तयार होतो, म्हणजे ४०१.७ चा नायट्रोजन ब्रोमीनपेक्षा जास्त भरायला हवा. नवीन फिल्ममध्ये ४०१.७ किती आहे ते पहिल्या स्कॅनमधून काढ आणि १.३ शी ताडून बघ.


लॅबवाली_पुणे

१९.५ पैकी ७.५ टक्के, म्हणजे १.४६.


बीमलाइनवाला

०.१६ चा फरक, एवढ्या छोट्या पीकला तो मोजमापातल्या त्रुटीच्या मर्यादेतच आहे. असेल तर अगदी किरकोळ. पण ती फिल्म टाकू नको, अशीच हवेत, वर नुसतं झाकण घालून ठेव आणि महिन्याने परत मोज, नायट्रोजन आणि ब्रोमीन पहिले.